नाकाडीतला गारवा

शाळांना उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की सौंदडच्या स्टेशनवर गावच्या लेकी उतरू लागतात. कडेवर एक लेकरू, बोटाला एक, खांद्याला फुगलेली पिशवी. गल्लीत शिरता शिरता त्यांचं हसणं ऐकू येतं, कुणाच्या तरी अंगणात खाट टाकल्याचा आवाज येतो, आणि मग महिनाभर घराघरांतून आंब्याच्या कोयींचा वास सुटलेला असतो. मी दारात पाणी शिंपडत उभी असते. येताजाता एखादी नवी सून विचारते, "मॅडम, तुमची सुजाता कधी येऊन राहिली?" जुन्या बाया विचारत नाहीत. माझी लेक उन्हाळ्यात येत नाही, हे त्यांना माहीत आहे. ती येते धान कापून, मळून झालं की. गावच्या बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाण्यावर सकाळी धुकं असतं तेव्हा. आणि होळीच्या आधी, ऊन जरा टोचायला लागलं की परत जाते.

त्यामुळे उन्हाळा हा माझ्यासाठी तिच्या नसण्याचा ऋतू. पहिली गरम झुळूक अंगावर आली, की मला दोन हजार आठ सालचा उन्हाळा आठवतो. त्या एकाच उन्हाळ्यात माझ्या पोरीने दिवसाउजेडी घराबाहेरचं जग पाहिलं, आणि तेही एका जुन्या ट्रकच्या काचेतून.

सुजाता जन्मली तेव्हापासून तिला ताप यायचा. थंडीपावसात नाही, फक्त उन्हाळ्यात. अंग तव्यासारखं तापायचं, पोर मलूल व्हायची, औषधाने काही उतरायचं नाही आणि मग संध्याकाळी वारा सुटला की आपोआप उतरायचं. कुणी दृष्ट म्हणालं, कुणी मलेरिया. तिचे केस विरळ होते, दात उशिरा आले, तेही मोजके आणि टोकदार. ती तीन वर्षांची असताना आम्ही तिला नागपूरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिच्या कपाळावरून, पाठीवरून, तळहातावरून बोटं फिरवली, दात पाहिले आणि मला एकच प्रश्न विचारला.

"हिला कधी घाम आलेला पाहिलाय तुम्ही?"

मी आठवू लागले. पोरीला रोज न्हाऊ घालणारी, तिचे कपडे धुणारी मी, आणि मला एकदाही आठवेना. तिच्या झबल्यांना कधी घामाचा वास आला नव्हता. बाईंनी समजावून सांगितलं, की तिच्या अंगात घाम येण्याची सोयच नाही. जन्मतःच नाही. तिला दुसरं काही दुखणं नाही, बुद्धी छान आहे, फक्त उन्हापासून जपा. विदर्भात राहून उन्हापासून जपा, हे सांगताना त्यांनाही कसंसं झालं असावं, कारण त्या खाली पाहत बोलल्या.

आम्ही जपलं. मार्चपासून आमचं मधलं घर अंधारं व्हायचं. खिडक्यांना ओली पोती, दाराशी कूलर, सुजाताच्या अंगात ओला फ्रॉक. माझी सकाळची शाळा सुटली की मी धावत घरी यायची. इतर पोरं बाहेर चिंचेखाली खेळायची, तेव्हा ही आत जमिनीवर पालथी पडून खडूने चित्रं काढायची. तिच्या चित्रात सूर्य नेहमी संध्याकाळचा असायचा, अर्धा बुडालेला. मी शाळेत शेकडो पोरांची चित्रं पाहिली आहेत. डोक्यावर सूर्य न काढणारं पोर मी दुसरं पाहिलं नाही.

मग लोडशेडिंगचे उन्हाळे आले. ज्यांनी ते विदर्भाच्या खेड्यात काढले त्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी गेलेली वीज उन्हं कलल्यावर यायची. कूलर बंद, पंखा बंद. मी आणि सुजाताचे बाबा आळीपाळीने तिच्या अंगावर ओला टॉवेल फिरवत बसायचो आणि टॉवेल हातातच कोमट होऊन जायचा.

सुजाताचे बाबा म्हणजे माझे यजमान, मिलिंद. त्यांचा ट्रक होता. त्यांच्या वडिलांनी घेतलेला, पुढे लांब नाक असलेला जुना ट्रक. त्या नाकावरून गावाने त्याला नाव ठेवलं होतं नाकाडी. धान गिरणीवर न्यायचं, तांदूळ भरून आणायचा, मध्ये कधी विटा, कधी लाकूड. तोवर रस्त्यावर सगळे चपट्या तोंडाचे ट्रक आले होते, आणि त्या रांगेत आमची नाकाडी लग्नाच्या पंगतीत म्हातारी मावशी बसावी तशी दिसायची. नवी गाडी आमच्या आवाक्यात नव्हती, आणि असती तरी यांनी ती विकली नसती. बापाचा हात लागलेल्या स्टिअरिंगवर यांचा जीव होता.

त्या वर्षी होळी झाली आणि एक दिवस जेवता जेवता हे म्हणाले, नाकाडीत एसी बसवतो. मला वाटलं थट्टा करताहेत. त्या गाडीची केबिन लाकडाची, वर पत्र्याचं मढवण. दाराच्या फटीतून पावसात पाणी आत यायचं. मी म्हटलं, त्यापेक्षा एखादा जनरेटर घ्या, कूलर तरी चालेल.

त्यांनी हात धुतले आणि शांतपणे म्हणाले, "जनरेटर तिले घरातच ठेवील. गाडी तिले बाहेर नेईल."

मी ताटं उचलून आत नेली.

गोंदियात शब्बीरभाई म्हणून मोटारींचे एसी दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. यांची जुनी ओळख. नाकाडी त्यांच्या दारात नेऊन उभी केली तेव्हा ते खूप हसले. म्हणाले, मिलिंदभाऊ, ये ट्रक नहीं, लकडी का पिंजरा है, इसमें ठंडक रुकेगी कहाँ? हे दुसऱ्या दिवशी सुजाताला सकाळच्या पहिल्या गाडीने घेऊन गेले. तिने त्यांच्या दुकानात बसून बिस्किट खाल्लं, त्यांना सगळ्या स्पॅनरांची नावं विचारली आणि ऊन चढायच्या आत दोघं परतले. त्यानंतर शब्बीरभाई हसले नाहीत. त्यांनी अपघातात चेपलेल्या एका नव्या मोटारीचा एसी मिळवला. ती मोटार पुढून वाचली होती, मागून चपटी झाली होती.

पुढचे कित्येक दिवस माझ्या घरात याच गोष्टी. मला यातलं काही कळत नव्हतं, पण ऐकून ऐकून कळू लागलं. कॉम्प्रेसर म्हणजे या सगळ्याचं हृदय. त्याला इंजिनाच्या पट्ट्याने फिरवावं लागतं. पण नाकाडीचं इंजिन बनलं तेव्हा असं काही कधी त्याला जोडावं लागेल हे कुणाच्या मनात नसणार, त्यामुळे बोल्ट मारायला जागाच नव्हती. जाड लोखंडी पट्टी कापून, वाकवून, वेल्डिंग करून तिला एक बैठक केली. पट्टा सरळ बसेना. गाडी सुरू केली की किंचाळायचा. मग लेथवर दुसरी पुली कातून आणली. गाडीत दोन बॅटऱ्यांची वीज आणि मोटारीचा पंखा निम्म्या विजेवर चालणारा. तो जळू नये म्हणून मध्ये वीज कमी करणारी एक डबी बसवली. उष्णता बाहेर टाकणारी जाळी त्यांनी रेडिएटरच्या पुढे, नाकाच्या आत लावली. हे घरी आले की हातांना ग्रीस आणि रबराच्या गोंदाचा वास यायचा. केबिनच्या एकेका फटीत त्यांनी रबर ठोकलं. दारांना नवी काच बसवली.

आणि एक दिवस ते सुजाताला म्हणाले, चल.

गावात जयंतीच्या निळ्या पताका लागल्या होत्या. सकाळ जरा सरली होती. मी मध्ये बसले, सुजाता खिडकीशी. यांनी एक खटका दाबला आणि समोरच्या जाळीतून गार वारा आला. खरंच आला. सुजाताने त्याच्यापुढे तोंड धरलं आणि डोळे मिटले. आम्ही कोहमारा ओलांडून देवरीच्या दिशेने जंगलाला लागलो. चढाला पुढे ट्रकांची रांग होती, गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती. हे एकदम ताठ झाले. इंजिनाची उष्णता दाखवणाऱ्या काट्याकडे पाहून त्यांनी एसी बंद केला, आणि तेवढ्यात गाडीच्या नाकातून वाफ उसळली. रेडिएटर उकळला होता. पुढे लावलेल्या त्या जाळीने इंजिनाचाच वारा अडवला होता.

फटी बुजवलेली, काचा लावलेली ती केबिन काही क्षणांत भट्टी झाली. मी दार ढकलून पोरीला बाहेर काढलं. बाहेर सावली म्हणावी तर पानगळ झालेल्या सागाची. तिचा चेहरा लालबुंद, मान माझ्या खांद्यावर पडलेली. बरोबरचं पाणी मी तिच्यावर ओतलं. हे कॅन घेऊन धावत सुटले. खाली शेतात बोअरिंगचा हातपंप होता. ते धावत यायचे, पाणी ओतायचे, पुन्हा धावायचे. त्यांच्या पायातली चप्पल कुठे पडली कुणास ठाऊक. तापल्या डांबरावर अनवाणी धावत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग सुजाताने डोळे उघडून, "आई, थंडी वाजते," असं म्हटलं.

घरी येऊन मी तिला आधी झोपवलं. मग यांना स्पष्ट सांगितलं, की पुन्हा माझ्या पोरीला त्या गाडीत बसवायचं नाही. ते तळपायांवरच्या फोडांना तेल लावत होते.

आता इतक्या वर्षांनी वाटतं, की त्या दिवशी हट्ट सोडून देणं किती सोपं होतं. कुणी दोष दिला नसता. मीही दिला नसता. उलट बरं वाटलं असतं. पण ते आणि शब्बीरभाई पुन्हा लागले. ती जाळी पुढून काढली आणि केबिनच्या टपावर चढवली, तिला स्वतःचे दोन पंखे दिले. टपाच्या आतून थर्माकोल, त्यावर तागाची पोती, त्यावर रेक्झिन. पायाखाली जाड रबर. सायलेन्सरचा नळ मागे वळवून वर काढला, म्हणजे गाडी उभी असली तरी धूर आत यायला नको. मी हे सगळं ऐकत होते, पण विचारत नव्हते. आमच्यात अबोला नव्हता. फक्त नाकाडीचा विषय निघाला की मी उठून आत जायची.

मे महिन्यात एका दुपारी सुजाता झोपली असताना ते म्हणाले, आधी तू बस. माझ्यावर नको, गाडीवर तरी भरवसा ठेव. सासूबाई पोरीजवळ बसल्या आणि मी अंगणात उभ्या असलेल्या नाकाडीत चढले. त्यांनी इंजिन सुरू करून दार लावलं. मी ठरवलंच होतं, जरा गरम झालं की उतरायचं आणि हा विषय कायमचा संपवायचा.

बाहेर पांढरं ऊन होतं. कोंबड्या पाणवठ्याशी चोच उघडी टाकून बसल्या होत्या. हे निंबाखाली उभे राहून माझ्याकडे पाहत होते. इंजिन एका लयीत धडधडत होतं. गार वारा गुडघ्यांवर येत होता, मग मानेवर आला. शाळा, स्वयंपाक, ओले टॉवेल, रात्रीची जागरणं. कितीतरी उन्हाळ्यांत मी दुपारी अशी नुसती बसलेच नव्हते. कधी झोप लागली कळलं नाही. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती आणि हे अजून तिथेच होते, शर्ट पाठीला चिकटलेला. मी दार उघडलं. खाली उतरून त्यांना म्हटलं, उद्या तिला घेऊन जाऊ.

आम्ही नवेगाव बांधच्या तलावावर गेलो. मुद्दाम भर दुपारी. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू झाला होता, रस्त्यावर माणूस नव्हतं. सुजाता आठ वर्षांची, आणि उन्हाळ्यातली दुपार म्हणजे काय असते हे तिला आतून फक्त ऐकून माहीत होतं. दाराच्या फटीतून येणारी उजेडाची रेघ, एवढीच तिची दुपार. ती खिडकीच्या काचेला नाक लावून बसली. मग प्रश्नांना सुरुवात झाली.

"बाबा, समोर रोड ओला काऊन दिसून राहिला? पाणी कोणी टाकलं?"

यांनी तिला मृगजळ म्हणजे काय ते सांगितलं, की ते पाणी नाही, तापलेली हवा आहे, आपण जवळ गेलो की पुढे सरकते. तिला ते पटलं नाही. ती वाट पाहत राहिली, की कधीतरी आपण त्या पाण्यात शिरू. जंगलाकडेला तेंदूपत्त्याची फळी, म्हणजे विडीची पानं गोळा करायची जागा, लागली होती. पानांचे गठ्ठे, म्हणजे मुडके, रांगेने उन्हात वाळत घातलेले, एक बाई डोक्यावर पदर घेऊन ते उलटवत चालली होती. तिला चटका लागत नाही का, असं सुजाताने विचारलं. मी म्हटलं लागतो, पण तिला घाम येतो. सुजाता त्या बाईकडे मागे वळून वळून पाहत राहिली. बैल झाडाच्या सावलीत बसले होते; सावली किती छोटी असते, हे तिला त्या दिवशी कळलं. तिने काचेवर तळहात ठेवला. काच बाहेरून तापलेली, आतून गार. तिने मला हात लावायला लावला, मग बाबांना लावायला लावला, आणि त्यांनी एका हाताने स्टिअरिंग धरून दुसरा तळवा काचेला टेकवला.

तलावावर पोचलो तेव्हा पाणी आटून मागे गेलं होतं, पण उरलेलं इतकं चमकत होतं की डोळे मिटावे लागले. मासे धरणाऱ्या ढिवरांची दोन-तीन पोरं पाण्यात उड्या मारत होती. आम्ही गाडीतून उतरलो नाही. इंजिन सुरूच ठेवलं. भाकरी आणि कांद्याचं बेसन केबिनमध्येच बसून खाल्लं. सुजाता जेवता जेवता वर पाहत होती, टपाकडे. सूर्य कुठे आहे ते तिला दिसेना. हे म्हणाले, आपल्या बराब्बर डोक्यावर आहे. तिने काचेला गाल लावून, मान मोडेपर्यंत वाकडी करून तो पाहायचा प्रयत्न केला. मी कितीदा तरी तलाव पाहिला असेल. त्या दुपारइतका सुंदर तो मला पुन्हा दिसला नाही.

मग उरलेला उन्हाळा नाकाडीतच गेला. वीज गेली की अंगणात इंजिन सुरू व्हायचं. सुजाता वही-पुस्तकं घेऊन वर चढायची. तिच्या वर्गातल्या मैत्रिणीही यायच्या, सीटवर दाटीने बसायच्या, आणि त्या लाकडी केबिनमधून पाढे ऐकू यायचे. भाडं असलं की ती यांच्याबरोबर गिरणीवर जायची. परत आली की ऐकवायची, आज काय काय पाहिलं. घरात इतकी बोलणारी पोर आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. हे रात्री जेवताना ऐकायचे आणि गालातल्या गालात हसायचे. वाटायचं, झालं, सुटलो. आता पोर आपल्याजवळ राहील.

पण एकदा बाहेर पाहिलेलं माणूस आणखी बाहेर पाहतं. पावसाळ्यात तिने माझ्या शाळेतला भारताचा नकाशा ओसरीवर पसरला आणि मला विचारलं, यात कायम थंडी कुठे असते. मी वर हिमालयावर बोट ठेवलं. तिथे कोणी राहतं का, म्हणाली. मी सहज बोलून गेले, की तुझी वनितामावशी राहते. वनिता माझी मावसबहीण, हिमाचलात नर्स आहे. पोरीला माझ्याकडे ठेवा, इथे शाळा चांगली आहे, असं ती दरवर्षी म्हणायची आणि आम्ही दरवर्षी ते हसण्यावारी न्यायचो. त्या वर्षी सुजाताच म्हणाली, "मी जातो मावशीकडे. तिथं मले गाडीत बसावं लागणार नाही."

मी रडले, समजावलं, रागावले. पण फेब्रुवारीत, ऊन तापायच्या आत, यांनीच नाकाडी धुतली, पोरीची पेटी ठेवली आणि आम्हाला गोंदियाच्या स्टेशनावर आणून सोडलं. वनिता न्यायला आली होती. गाडी हलली तेव्हा सुजाता खिडकीतून हात हलवत होती आणि हे फलाटावर तिच्याबरोबर चालत होते, मग धावत होते, फलाट संपेपर्यंत.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा मी त्यांच्याबरोबर गिरणीवर गेले. त्यांनी दोन्ही काचा खाली केलेल्या. आत गरम वारा भणाणत होता. मी म्हटलं, एसी लावा की. ते म्हणाले, कायले? आणि रस्त्याकडे पाहत राहिले. नंतर मला कळलं, की ती गेल्यापासून त्यांनी तो खटका एकदाही दाबला नव्हता. पुढे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी उरली नाही तेव्हा शब्बीरभाईंनीच येऊन ते सामान काढलं, आणि एका आडगावच्या रुग्णवाहिकेत बसवलं. टपावरच्या त्या जागी चार भोकं राहिली होती. भंगारवाल्याने नाकाडी नेली त्या दिवशी हे शेताकडे निघून गेले आणि अंधार पडल्यावर आले.

आता वीज तेवढी जात नाही. आमच्या मधल्या घरात भिंतीवर एसी आहे. दुपारी आम्ही दोघं त्याच्याखाली बसतो. मी कधी कधी विचारते, आपण तिला पाठवलं ते बरं केलं ना? ते म्हणतात, आपण कुठं पाठवलं, तीच गेली. एवढं बोलून ते टीव्हीचा आवाज वाढवतात.

गेल्या वर्षी, दोन हजार अठरात, आम्ही पहिल्यांदा उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो. गोंदियाहून निघालो तेव्हा फलाटावरची लोखंडी बाकं हात लावू देत नव्हती, आणि तिथे पोचलो तेव्हा वनिताने आमच्या अंगावर घोंगड्या टाकल्या. सुजाता अठरा वर्षांची. दात बसवून घेतलेले, डोक्याला लाल रुमाल. तिची भाषा बदलली आहे. हिंदी बोलते, मध्येच त्या डोंगरातले शब्द, आणि बाबांशी बोलताना मात्र एकदम सौंदडची होते. वनिताच्या घराला पाठीमागे एक दगडी ओटा आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही जेवून आत बसलो होतो आणि ती ताट घेऊन बाहेर गेली. मी खिडकीतून पाहिलं. ओट्यावर शेजारच्या बाया लोकर विणत बसल्या होत्या, दोन म्हातारे चहा पीत होते. तिथे दुपारी सगळे उन्हात बसतात. सुजाता त्यांच्यात जाऊन बसली, डोक्यावरचा रुमाल सोडला आणि सूर्याकडे तोंड करून जेवू लागली.

मी उठले. पाण्याचा तांब्या आणि टॉवेल कधी हातात घेतला मलाच कळलं नाही. दारापर्यंत गेले तेव्हा मागून यांचा आवाज आला.

"राहू दे. बसू दे तिले."

मी दारातच थांबले. वारा बर्फावरून येत होता, गार. ती कुणाच्या तरी बोलण्यावर हसली, भाताचा घास हातातच राहिला. मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. तिने ओट्यावर हात थोपटून मला जवळ बोलावलं, आणि मी तांब्या खाली ठेवून तिच्या शेजारी उन्हात जाऊन बसले.